यादीत नसलेली पावडर

कात्रप, बदलापूर (पूर्व)
१२ जानेवारी १९९४

तीर्थरूप दिनानाथमामांस,

मीनलचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामींचा खोकला एकमेकांना सांभाळून असतील, अशी आशा.

मी बी.एस्सी. झाले (घरात पहिलीच, बाबा हे भाजीवालीलाही सांगतात) आणि आनंदनगरला विष्णुपंतांच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागले. चिकटवलंत तुम्हीच. परवान्याला पदवीधर केमिस्टचं नाव लागतं, म्हणून तिथे माझं आहे. उद्या धाड पडली तर बेडी पहिली मला.

धाड का पडेल, ते सांगते. आम्ही म्हणे खोकल्याच्या औषधाचा कच्चा माल बनवतो. मग पावडर वाळवायच्या ड्रायरवरचा कामगार चांगो उभ्या उभ्या का घोरतो? विचारलं तर म्हणतो, "ताई, हितली हवाच भारी हाय!" मला संशय आला. कशात काय घालतात ते पाहून मी त्या पावडरचा रेणू कागदावर काढला. बंदी असलेल्या झोपेच्या गोळीची सख्खी बहीण निघाली, फक्त एका कोपऱ्यात थोडा फेरफार. विष्णुपंत म्हणाले, "बाळ, कायद्यात यादी आहे. तीत हिचं नाव दाखव, आत्ता काम बंद करतो." (हे गृहस्थ पूर्वी कॅम्प दोनच्या नकली मालाच्या बाजारात नामांकित क्रीमच्या नावातलं एक अक्षर बदलून क्रीम विकत. तेव्हा अक्षर, आता अणू.)

मी यादी वाचली. खरंच नाव नाही. मामा, हा कसला कायदा? चोराचं वर्णन लिहून ठेवायचं आणि त्याने मिशी काढली की त्याला सोडून द्यायचं? "यादीतल्यासारखं असेल आणि तसंच गुंगवेल, तेही बंद", एवढं एक वाक्य लिहायला काय हरकत होती? (परदेशात तसा कायदा आहे, असं कॉलेजात सर सांगायचे.) तुम्ही वकिलांकडे कारकून आहात. असं कलम आपल्याकडे कुठे दडलं असेल तर कळवा. तूर्त मी कारखान्यातला चहासुद्धा पीत नाही.

आपली भाची,
मीनल

ता. क. चहा पीत नाही, कारण राजीनामा सोमवारीच दिला. बाबांना ठाऊक नाही. रोज डबा घेऊन निघते आणि देवळात बसून खाऊन येते. त्यांना तुम्हीच समजावा, त्यासाठीच हे पत्र.

ता. क. दुसरा. राजीनामा घेताना विष्णुपंत हसून म्हणाले, "यादीची युक्ती मला तुझ्या मामांनीच सांगितली." माणूस खोटारडाच. तरी उलट टपाली "नाही" एवढंच लिहून पाठवा. "नाही"सारखं दिसणारं दुसरं काही नको.