पोर्चखालची टाकी आणि वन्संची खोली

मी, खाली सही करणारी, व्यवसाय शिवणकाम, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. मुलांना याबद्दल शंका असल्यास त्यांनी ती आत्ताच माझ्या तोंडावर बोलून दाखवावी, मागाहून कोर्टात नको. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर मुलगा व मुलगी यांना निम्मे-निम्मे. मात्र खालची पुढची खोली माझ्या नणंदेकडे त्यांच्या हयातीपर्यंत राहील आणि तोवर घर विकता येणार नाही. कारण देण्याची कायद्याने सक्ती नाही, पण मुले विचारणारच, म्हणून देते.

माझ्या दिवंगत पतींनी गाडी घेतली आणि तिच्यासाठी पोर्च करायला काढला. सेप्टिक टाकीचे झाकण नेमके त्याच जागी होते. वन्सं तेव्हा इथेच राहत. त्या म्हणाल्या, "दादा, झाकणावर फरशी घालू नकोस. उद्या टाकी उपसायची वेळ आली तर?" हे म्हणाले, "आपली टाकी मोठी आहे, ती भरत नाही." शब्दाने शब्द वाढला. वन्सं बॅग भरून मैत्रिणीकडे राहायला गेल्या. झाकणावर फरशी बसली आणि भावाबहिणीचा अबोला ह्यांच्या शेवटापर्यंत टिकला. गाडी त्या मानाने लवकर भंगारात गेली.

हे गेल्यानंतर संडासात पाणी वर येऊ लागले. मुलगा म्हणाला, झाकण गेटजवळ आहे. मुलगी म्हणाली, जिन्याखाली. दोघांच्या आत्मविश्वासापायी दोन्हीकडची फरशी फोडून झाली, निघाली ती माती. शेवटी मी वन्संना फोन लावला. इतक्या वर्षांनी काय बोलावे ते सुचेना. म्हटले, "वन्सं, टाकी भरली."

"आलेच," त्या म्हणाल्या.

आल्या त्या चहासुद्धा न घेता छत्रीच्या टोकाने फरशी ठोकत फिरल्या. एका जागी थांबून म्हणाल्या, "इथे पोकळ वाजतंय, वहिनी." झाकण तिथेच निघाले. टाकी उपसायला बोलावलेली गाडी मैला खेचू लागली तशा आम्ही दोघी नाकाला रुमाल लावून पायरीवर बसलो. तेव्हा वन्संच्या डोळ्यांना पाणी आले. ते वासामुळे, असे त्या आजही सांगतात. मीही माझ्याबद्दल तेच सांगते. त्यानंतर त्या परत गेल्या नाहीत.

२. टाकीची देखभाल दोन्ही मुलांनी मिळून करावी. टाकीतले जिवाणू बिनपगारी राबतात, त्यांना ॲसिड आणि फिनेल पाजू नये. सूनबाईंना स्वच्छतेची हौस आहे, ती त्यांनी खिडक्यांवर भागवावी. खरकटे तेल, डायपर, ओले टिश्यू यांतले काहीही आत जाऊ नये. पावसाच्या पाण्याची वाट वेगळी ठेवावी आणि शोषखड्ड्यावर झाड लावू नये, मुळे पाइपात शिरतात. तुंबायची वाट न पाहता दोन-तीन वर्षांनी उपसा करून घ्यावा. मात्र काहीही झाले तरी माणूस आत उतरवू नये. आतल्या वायूने माणूस हाक मारायच्या आत जातो. या एका वाक्यात थट्टा नाही.

झाकणावर आता उचलता येणारी फरशी आहे. तिच्यावर जावईबापूंनी मोटारसायकल लावू नये. आजवर प्रेमाने सांगितले, आता कायदेशीर सांगते.

३. शिलाई मशीन मुलाला. लहानपणी कपडे फाडायची मुलगी आणि शिवायला बसायचा तो. मुलीला माझे कपाट, कुलपासकट. किल्ली तिनेच हरवली आहे.

४. शेजारचे दंतवैद्य वर्षानुवर्षे आमच्या टाकीच्या वासाची तक्रार करत आले. वास त्यांच्याच टाकीच्या फुटक्या वायुनळीचा होता. मी त्यांना माफ करते.

स्थळ: राहते घर. दिनांक: ९ मार्च.
लिहून ठेवणारीची सही.

साक्षीदार:
१. शेजारचे दंतवैद्य (कलम चार मान्य नसल्याचे सांगून सही केली)
२. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई

ता. क. साक्षीदार म्हणून वन्संनाही सही करायची होती. वकीलबाई म्हणाल्या, "ज्यांना काही मिळतंय, त्यांनी सही न केलेली बरी."

"मग खोली काढून टाका," वन्सं म्हणाल्या. "मला वहिनीच्या कागदावर सही करायची आहे."

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी खोली ठेवली. वन्सं रागावून त्यांच्या खोलीत जाऊन बसल्या आहेत.