मोहाखालचा वाघ

१७ मार्च
वाघाचा शॉट परत आला. हैदराबादच्या ॲनिमेशन स्टुडिओतून सरांचा फोन. चाल बरी आहे म्हणाले, पण वजन नाही. पंजा टेकल्यावर सरकतो, पुठ्ठ्याचा वाघ वाटतो. खरंच आहे ते. किती दिवस घरी बसून कॉम्प्युटरवर वाघ चालवते आहे, आणि वाघांच्या मुलखात, सिंदेवाहीजवळ जन्मून खरा एकदाही नीट पाहिला नाही.
माय मोह वेचून आली. अंगणभर फुलं. वासानं डोकं जड.
संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ. मोहाच्या झाडाखालून वाघ जातो, बस एवढंच. कोणी काढला, पत्ता नाही. माय म्हणते, जागा आपल्या नाल्याकडची. खाली लगेच कोणीतरी लिहिलं, कॉम्प्युटरचा आहे. मागच्या वर्षी पेट्रोल पंपावरच्या वाघाचा आला होता. लोक पळाले आणि तो खोटा निघाला.

१८ मार्च
सकाळीच सुमनकाकू दारात. शेजारची, काका गेल्यापासून एकटीच आहे. मागे आणखी तिघीचौघी.
"तू दिवसभर हेच करते ना? मंग सांग, खरा आहे का बनवलेला?"
परत परत पाहिला. खांदा वर येतो, पोट जरा उशिरा हलतं. बरोबर. पण ओंडक्यापाशी मागचा पाय घसरल्यासारखा दिसतो, अगदी माझ्या शॉटसारखा. सावली नाही. आभाळ असेल. फॉरवर्ड होऊन होऊन चित्र इतकं फाटलंय की नक्की काही सांगता येत नाही.
शेवटी मी म्हणाले, खरा धरून चाला.
सगळ्या गेल्यावर मायनं विचारलं, "तुले समजलं म्हणून बोलली, का भेव लागलं म्हणून?"
मी फुलं पसरायला अंगणात गेले.

१९ मार्च
मोह वेचायला कोणीच गेलं नाही. फॉरेस्टचे गार्ड मेश्रामभाऊ येऊन पाहून गेले. ठसा सापडला नाही. गुरं फिरलेली, वारा सुटलेला. म्हणाले, नाही असं मी म्हणणार नाही, एकट्यानं जाऊ नका, कॅमेरा लावतो.
शॉटला हात लावला नाही. स्क्रीनवर तो चालायला लागला की पाठीमागं पाहावंसं वाटतं. मीच बनवलेला, तरी.

२१ मार्च
पलीकडच्या गावच्या बाया आमचा मोह वेचून गेल्या. त्यांना काही झालं नाही. सु.काकू बोलली नाही माझ्याशी, मायशी बोलली, मला ऐकू जाईल असं. पोरीनं घरी बसून गाव घरी बसवलं म्हणे. तिची वर्षाची मीठमिरची त्या फुलांच्या पैशांवर.
दुपारभर व्हिडिओ एकेक चित्र थांबवून पाहिला. शेपटीचं टोक खोडामागून नेमकं उशिरा येतं. असं मला करता येईल. त्याचीच भीती वाटते. मला येतं म्हणजे दुसऱ्या कोणालाही येईल. आता तर नुसतं वाक्य लिहिलं तरी वाघ तयार होतो.
खोटा म्हटलं आणि खरा निघाला तर?

२२ मार्च
आज गेलो. मी, माय, सु.काकू. मीच म्हटलं, जागा पाहिल्याशिवाय आता तोंड उघडणार नाही.
झाड सापडलं, बाजूचं वारूळही. झाडाखाली काकूनं मोह पडायच्या आधीच, फुलं दिसावी म्हणून पाला जाळून ठेवलेला, काळं रिंगण. फोटो काढायला मायच्या हातात फोन दिला आणि व्हिडिओत वाघ दिसतो तिथं उभी राहिले. तो वारुळाच्या किती वर येतो, मी किती. माप जुळत होतं. पण मापही जुळवता येतं. आम्ही तेच करतो.
खाली पाहिलं तर माझ्या चपला काळ्या.
फोन परत घेऊन व्हिडिओ लावला. वाघ रिंगणात शिरतो तेव्हा पुढचे पंजे पिवळट. बाहेर पडतो तेव्हा खालून काळे. एका पावलाला राखेचा एवढासा धुरळा उठतो, आणि तो मागे राहतो. इतक्या फाटक्या व्हिडिओत हे कोणाला दिसावं म्हणून कोण बनवेल? कोणी नाही. मीसुद्धा नाही.
म्हणजे तो इथं, याच राखेतून गेला.
पाय हलेनात. मायनं चेहरा पाहिला, दंड धरला. नाल्यापलीकडे माकडं खाकरली, वाघ दिसल्यावर खाकरतात तशी, एकदा, मग चूप. आम्ही पाठीला पाठ लावून, मोठमोठ्यानं काहीबाही बोलत निघालो. काकू लग्नाच्या जेवणाचं बोलत होती. कोणाचं लग्न, देव जाणे. रस्त्याला लागेपर्यंत माझे दात वाजत होते, भर उन्हात.

२३ मार्च
सगळ्यांना सांगितलं. व्हिडिओतले पंजे मोठे करून दाखवले. काहींनी मान डोलावली. एकजण म्हणाला, हा तर नुसता काळा डाग आहे. मेश्रामभाऊंना फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं. कॅमेऱ्यात अजून फक्त डुकरं.
शॉट पास झाला. सर खूश. मी पंजा टेकल्यावर त्याला थोडं थांबवलं, एवढंच. तो शॉट परत उघडवत नाही.

२५ मार्च
सु.काकू आली. या वेळी रागात नव्हती. खाटेवर बसली, पाणी प्याली.
"तू म्हणते तं खराच असन. पण वाघ तं बारा महिने राह्यते. मोह पंधराच दिवस पडते."
मी म्हटलं, काकू, मी डोळ्यांनी पाहिलं.
"मीबी पाह्यलं. तुह्यासंगच होती ना मी."
उद्या पाचजणी मिळून जाणार, उजाडल्यावर, डबा वाजवत. माय पण. मी मायशी भांडले, रडले. ती भाकरी थापत राहिली.

२६ मार्च
गेल्या. मी येते म्हटलं तर मायनं ऐकलं नाही, तुझे पाय गळतात म्हणाली. नाला जवळच, त्यामुळे डबा घरापर्यंत ऐकू येतो. तो ऐकत ऐकत हे लिहिते आहे.
चहा ठेवला. उतू गेला.
डबा थांबला.
वेचायला दोन्ही हात लागतात, म्हणून थांबला असेल. दोन टोपल्या भरायच्या, वाकायचं, बोलायचं.
अजून नाही वाजला. मायचा फोन लागत नाही, तिथं लागतच नाही कधी. फाटकापर्यंत जाऊन आले. समोरच्या घरातल्या भाऊंना हाक मारली, ते लाठी घेऊन येत आहेत. म्हणाले, काही नसन, पाहून येऊ.
निघते.