सफीतली जागा

मिरज. मंगळवार, ता. ८ जानेवारी १९४६. पहाटे पावणेसहा.
बांग देऊन मशिदीचा जिना उतरत होतो. खालच्या पायरीवर कासमचाचा. मशिदीचे मुतवल्ली, चाव्या, चटया, तेलपाणी सगळे त्यांच्याकडे. एरवी नमाजाची जमात उभी राहता राहता येतात. आज आधीच येऊन उभे.
म्हणाले, "आवाज चांगला हाय तुझा. पन आता लगीन कर. बिनलग्नाचा बांगी बरा दिसत न्हाई."
तीन वर्षे दिसत होता की, असे म्हटले. मनात. तोंडाने "जी" म्हटले.
मग द.चे नाव निघाले. द. माझ्याबरोबर सतारीच्या कारखान्यात आहे. तो भोपळे कापतो, मी पॉलिश करतो. त्याच्या खोलीवर किती वेळा झोपायला जातोस, असे विचारले. मी हौदाकडे वळलो. नमाजाआधी हातपाय धुऊन केलेला वजू तुटला की काय अशी शंका आली म्हणून पुन्हा केला. मग आणखी एकदा.
(घरात, मशिदीत आमची दखनी चालते. मला लिहायला मराठीच येते, तीही पाचवीपर्यंतची. म्हणून सगळ्यांचे बोलणे मराठीत उतरवतो.)

गुरुवार, ता. १०.
अब्बांनी सांगितले, साताऱ्याची मुलगी आहे, बाप फौजेत हवालदार होता. सफर महिना सरला की बोलणी. अम्मी चुलीपाशी बसून हसत होती.
नको म्हटले. कारण विचारले. मी दोन कारणे तयार ठेवली होती, मजुरी कमी आणि छाती कमजोर. दोन्ही सांगितली. अब्बा म्हणाले, "तुझ्यापेक्षा मरतुकड्यांची लग्नं झाली."
मग खरे ते बोललो. "माझा जीव द.वर हाय. त्या पोरीला आनून फसवायचं न्हाई मला."
अब्बा पिंजायच्या धनुकलीची तात तपासत होते. हात थांबला. कापसाचा एक पुंजका त्यांच्या दाढीत अडकला होता, तो काढावा असे वाटले. काढला नाही.
मग म्हणाले, आष्ट्याला एक बुजुर्ग आहेत, जिन उतरवतात. रविवारी जाऊ.
"माझ्यात जिन न्हाई, अब्बा. मीच हाय."
अम्मीची भाकरी करपली.

शुक्रवार, ता. ११.
बांग बंद. जिन्याला कुलूप, चावी कासमचाचांच्या कमरेला. आजपासून त्यांचा पुतण्या बांग देणार. कारण सांगितले नाही, मी विचारलेही नाही. घरातले बोलणे एका रात्रीत तिथे कसे पोचले? अम्मी रडत शेजारी गेली असणार. तिला दोष देत नाही.
दुपारी जुम्म्याच्या नमाजाला गेलो. पेशइमामसाहेबांनी खुतब्यात लूत पैगंबरांच्या लोकांची कहाणी सांगितली, पुरुष पुरुषांमागे लागले म्हणून अल्लाहने गाव उलथवले ती. सगळ्यांच्या माना माझ्याकडे.
नमाजाला सफ, म्हणजे रांग, उभी राहिली. खांद्याला खांदा लागला पाहिजे, मध्ये फट राहता कामा नये, हे पोराटोरांना माहीत असते. आज माझ्या डावीकडचा सरकला. उजवीकडचाही. दोन्हीकडे एकेक माणूस मावेल एवढी जागा. तशीच नमाज झाली. सजद्यात कपाळ टेकले तेव्हा दोन्ही बाजूंना नुसती चटई दिसली.
यापुढे द. लिहिणार नाही. दस्तगीर. दस्तगीर शिकलगार.

शनिवार, ता. १२.
पहाटे पुतण्याची बांग. आवाज बरा आहे. पण फजरच्या बांगेत एक जास्तीचे वाक्य असते, झोपेपेक्षा नमाज बरी, ते विसरला आणि सरळ पुढे गेला. मी चप्पल घालत होतो. अंगणात उभा राहून ते वाक्य मीच म्हटले, दोनदा, पुऱ्या आवाजात. गल्लीत कोणीतरी हसले. आतून अब्बा पुटपुटले, "राह्यलंच व्हतं."
दोन दिवसांत माझ्या कानावर पडलेला हा त्यांचा पहिला शब्द.

मंगळवार, ता. १५.
बुजुर्गांकडे गेलो नाही. अब्बा एकटेच गेले, तावीज घेऊन आले. माझ्या उशीखाली ठेवला. मी काढून अम्मीच्या हातात दिला.
कारखान्यात गच्चीवर वाळत घातलेले सतारीचे भोपळे उलटे करताना दस्तगीरशी भांडण. शुक्रवारपासून तो मशिदीकडे फिरकलेला नाही. त्याचे म्हणणे, साताऱ्याला जाऊ. पेट्या-सतारी दुरुस्तीचे एक दुकान आहे, दोघांना काम मिळेल. तिथे आतेभाऊ म्हणून राहू.
"मी तुझा आतेभाऊ न्हाई."
"लोकांना सांगायला रं."
"लोकांनाच सांगायचं न्हाई ते."
म्हणाला, "लय शहाना हायस. नमाज काय घरी व्हत न्हाई?"
होते. पण हाकलले म्हणून घरात पढणार नाही, असे म्हटले. तो म्हणाला, "मग मर हितं." भोपळा एवढ्या जोरात ठेवला की चीर गेली. कारखान्याचे उस्ताद दोघांवरही ओरडले.
रात्री त्याच्या खोलीवर गेलो नाही. झोप नाही. त्याचे खरे असेल तर? भीती मलाही आहे. तरीही जाणार नाही.

गुरुवार, ता. १७.
असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर पेशइमामसाहेबांच्या खोलीत गेलो. हे विजापूरचे, येऊन वर्षही झाले नाही. दाराशी उभ्याउभ्याच विचारले. लूतच्या गावचे लोक पाहुण्यांवर चालून गेले, वाटसरू लुटले. मी कोणावर चालून गेलो? दस्तगीर काय मी लुटून आणला?
त्यांनी बसायला सांगितले. गुनाह आहे, माझ्या किताबांत तसेच लिहिले आहे, मी खोटे सांगणार नाही, म्हणाले. मी म्हटले, मग मला घडवताना अल्लाहकडून चूक झाली म्हणा. ते "तोबा" म्हणाले. मी म्हटले, मीही तेच म्हणतो. त्याची चूक होत नाही. तो पाहतो, सगळे जाणतो, असे तुम्हीच शिकवता. मग मी कोणापासून लपू? कासमचाचांपासून?
त्यांनी तसबीह, हातातली माळ, खाली ठेवली. मग म्हणाले, "तुझं तू त्याला जाब देशील. पन नमाजीला सफीतून काढायचा हुकूम मला कुठं सापडला न्हाई."
चहा विचारला. प्यालो.

शुक्रवार, ता. १८.
लवकर गेलो, पहिल्या सफीत उभा राहिलो. इकामत, नमाजाला उभे राहायची हाक, झाली. डावीकडचा सरकला. उजवीकडे कासमचाचा, तेही सरकले. पुन्हा दोन फटी.
इमामसाहेबांनी वळून पाहिले. म्हणाले, सफ भरा. कोणी हलले नाही. ते हात उचलेनात. नुसते उभे. मागे कोणी खाकरले. एकजण म्हणाला, "सुरू करा, साहेब." त्यांनी ऐकले नाही. फटी असताना मी नमाजाची नियत बांधणार नाही, एवढेच बोलले.
मी निघून गेलो असतो तर सगळ्यांची सुटका झाली असती. गेलो नाही.
तिसऱ्या सफीतून कोणी वाट काढत आले. कापसाचा वास आला. अब्बा. डावीकडे येऊन उभे राहिले. खांदा लावला. माझ्याकडे पाहिले नाही.
आता सगळे कासमचाचांकडे पाहू लागले. इमामसाहेबही. शेवटी ते अर्धे पाऊल सरकले. मग आणखी अर्धे. त्यांचा खांदा लागला तो रागाने थरथरत होता. मी जरासुद्धा अंग चोरले नाही.
अल्लाहु अकबर.

शनिवार, ता. १९.
अब्बांना म्हटले, काल तुम्ही आलात. ते म्हणाले, "नमाजासाठी उभा ऱ्हायलो. तुझ्यासाठी न्हाई." ताट उचलून ओसरीवर जेवायला गेले. मुलीकडच्यांना नकार कळवला का, ते अम्मीलाही ठाऊक नाही.
दस्तगीरला सगळे सांगितले. तो चीर गेलेल्या भोपळ्याला आतून पट्टी लावत होता. "कासमचाचा सरकला?" एवढेच विचारले आणि हसला. साताऱ्याच्या दुकानाला महिनाअखेर कळवायचे आहे, म्हणाला.

गुरुवार, ता. २४.
पहाटे अब्बा माझ्या पुढे चालतात. वळणावर थांबतात, मी दिसलो की पुन्हा चालू लागतात.
जिन्याचे कुलूप तसेच. आज कासमचाचांसमोर जाऊन चावी मागितली. "भीक मागतोस का?" म्हणाले. नाही, उद्याही मागेन, म्हटले.

शुक्रवार, ता. २५. दुपार, कारखान्यात.
जुम्म्याची वेळ झाली. हाताची लाख स्पिरिटने काढली, टोपी घातली. दस्तगीर अजून भोपळ्यावर. काल म्हणाला होता, तुझ्या शेजारी उभे राहायचे म्हणजे साऱ्या गावाला सांगणे. मी म्हटले होते, हो.
आता कानस खाली ठेवली. बाहेर रांजणापाशी जाऊन बसला. बाह्या सारल्या. हात धुतोय की वजू करतोय, इथून दिसत नाही. विचारणार नाही.
सफीत कोणासाठी जागा राखता येत नाही. येईल त्याने येऊन उभे राहायचे. मी निघालो.