मैलाच्या दगडापर्यंत

६ ऑक्टोबर

चि. बारकीस अ. उ. आ.

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. रागावलीस तरी तुझा राग मला लहानपणापासून तोंडपाठ आहे.

मी बरा आहे, म्हणजे बसलेला आहे. मागच्या दारी खुर्ची टाकतो आणि ऊन सरकेल तसा सरकतो. तुझी वहिनी गेल्यापासून फाटकाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. गुडघे आखडत चाललेत, चालायला लागा, असं डॉक्टर दरवेळी बजावतात. पण चालायचं कुठे? आमची वाट तुला ठाऊक आहे. फाटकातून डावीकडे, बांधाबांधानं, थेट मैलाच्या दगडापर्यंत. ती तुरुतुरु पुढे, मी मागून शाळेतल्या कविता पुटपुटत. दगडाशी पोचली की टेकायची, आणि मी दिसलो की लांबूनच विचारायची, कितव्या कडव्यात अडकला होतात म्हणून. आता तिथे कुणी टेकलेलं नसणार. मग मुद्दाम जाऊन ते बघून यायचं का?

त्यापेक्षा इथली फुलं बरी. तिच्या वाफ्यात एक रोप वर आलंय. जाण्याआधी तिनंच काहीतरी पेरलं असणार. मी त्याला काठीचा आधार दिला, कडक उन्हात वर पोतं बांधलं. भोवती कातरलेल्या पानांचं, उग्र वासाचं तण माजलं होतं, ते मुळासकट उपटलं. परवा त्याला नखाएवढी पिवळी फुलं आली. कवितेतली फुलं सदा हसत असतात. ही हसत नाहीत, नुसती बघतात. मीही बघतो. आमचं जमतं.

चिरंजीव येऊन गेले. बसून बसून लाकूड व्हाल म्हणाले, सातव्या मजल्यावर त्यांच्याकडे चला म्हणाले. सूनबाईंनी खोलीसुद्धा रिकामी करून ठेवलीय. मी इथून हललो तर मला माझं काही आठवणारही नाही, हे त्याला कसं सांगू? शेवटी पैज ठरली. थंडी पडेपर्यंत मी दगडापर्यंत जाऊन चालत परत आलो तर इथेच राहीन, नाहीतर मुकाट्यानं बॅग भरीन. बोलून बसलो खरा.

तुझं शिलाईचं दुकान आणि तुझा डावा गुडघा, दोघांनाही विचारल्याचं सांग. लोभ आहेच, तो उसवू देऊ नकोस.

तुझा,
दादा


१५ ऑक्टोबर

ती. दादास शि. सा. न.

पत्र वाचून हसू की रडू कळेना, म्हणून आधी गिऱ्हाइकाचा ब्लाउज पुरा केला आणि मग लिहायला बसले.

दादा, तू जे मुळासकट उपटलंस तो झेंडू होता. वहिनीचा. दरवर्षी त्याच वाफ्यात यायचा. कातरलेली पानं, उग्र वास. अरे, नाकासमोर होता! आणि ज्याच्या डोक्यावर पोतं धरून बसलायस ते रान आहे. खोटं वाटत असेल तर फुलांच्या खाली बघ, बारीक काटेरी बोंडं धरायला लागली असतील. कपड्यांना चिकटतात ती. लहानपणी आपण त्यांना पाहुणे म्हणायचो, कारण न बोलावता घरी येतात आणि काढल्याशिवाय जात नाहीत.

ते कुणी पेरलेलं नाही. गेल्या थंडीत मी आले होते तेव्हा तुम्ही दोघं फिरून आलात, आणि वहिनीची लोकरी शाल या बोंडांनी नुसती भरून गेली होती. मी आणि ती मागच्या पायरीवर बसून एकेक बोंड उपटत होतो आणि वाफ्यात फेकत होतो. तू आत चहाची वाट बघत होतास. तेच तुमचं शेवटचं फिरणं. तिनं तुझ्यासाठी मागे काही ठेवलं वगैरे मी म्हणणार नाही, ती चांगली वैतागलेली होती. दुसऱ्या वाटेनं फिरायला काय होतं यांना, असं तुझ्या नावानं पुटपुटत होती.

पण ते रोप त्या वाटेवरून आलंय, एवढं नक्की. वाट दारापर्यंत आलीय तर तू निदान फाटकापर्यंत जा. मी तुला हात धरून नेलं असतं, पण माझाच गुडघा मला हात धरायला सांगतो.

राग आला तर येऊ दे, पण उत्तर धाड. तुझी माया पातळ होऊ नये, एवढंच मागणं.

तुझी,
बारकी


३ डिसेंबर

चि. बारकीस अ. उ. आ.

राग नव्हता. झेंडूचं वाईट वाटलं, इतकं की महिनाभर हातात पेन धरवेना. तिचं होतं ते मी माझ्या हातानं उपटलं, आणि तिनं फेकून दिलं होतं त्याला पाणी घातलं. शाळेत मास्तर म्हणायचे ते खोटं नव्हतं, या मुलाला कविता कळते, बाकी काही कळत नाही.

फाटकापर्यंत गेलो. मग रोज थोडं पुढे. विहिरीपर्यंत, मग पडक्या कुंपणापर्यंत. बांधावर दोन्ही बाजूंना पाहुण्यांचं रान आहे, कुणी पोतं धरलेलं नाही तरी माझ्या रोपापेक्षा दणकट. काल दगडापर्यंत पोचलो.

बारके, तिथे जाऊन काय होईल याची मला भीती होती, पण झालं ते वेगळंच. मी टेकलो आणि सवयीनं मागे वळून बघितलं. इतकी वर्षं मी त्या वाटेवरून दगडाकडे बघत आलो, दगडावरून वाट कधी बघितलीच नव्हती. लांबलचक, सरळ, मोकळी. ती रोज हे बघत बसायची, आणि त्यात कुठेतरी मी, ठिपक्याएवढा, हातवारे करत. काल त्यात कुणीच नव्हतं. तरी मी बराच वेळ थांबलो. कशासाठी ते विचारू नकोस.

उठायला गेलो तर पाय उठेनात. दूधवाल्याच्या टेम्पोतून घरी आलो, रिकाम्या कॅनच्या मध्ये बसून. दूधवाला म्हणाला, कुणाला सांगत नाही काका. पण चिरंजीवांचा फोन आला तेव्हा मीच सांगितलं. थंडी पडली, आणि चालत परत येण्याची अट काही पुरी झाली नाही. त्यानं आधी पाय कसे आहेत ते विचारलं. मग पुढच्या सोमवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, एवढं त्याचं चांगलं.

वाफा तसाच राहील. पायजम्याला पाहुणे चिकटलेत. काढलेले नाहीत.

आता पत्ता बदलेल, लोभाचा पत्ता बदलू नये.

तुझा,
दादा


६ डिसेंबर

ती. दादास शि. सा. न.

फोनवर चार शब्द खोटे बोलला असतास तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण गणितात आणि खोट्यात तुला कधीच मार्क पडले नाहीत.

रविवारी दुकान बंद ठेवून सकाळच्या गाडीनं येतेय. सामान बांधायला नाही, ते तुझं तू बांध. दुपारी फिरायला जायचंय. दूधवाल्याला परतीचं सांगून ठेव.

तू पुढे हो. मी काठी टेकत मागून येईन, माझ्या गुडघ्याला वेळ लागेल. तू दगडाशी थांब, आणि मी दिसले की लांबूनच हाक मार.

तुझी,
बारकी