तीन नंबरच्या फलाटावर तुम्ही जे म्हणालात

दादा, उद्या सकाळपर्यंत मला एका कागदावर सही करून द्यायची आहे, आणि त्या कागदावरची दोन वाक्यं खोटी आहेत. एक रेल्वेच्या साहेबांचं आहे, एक माझं. साहेबांचं वाक्य खोडायला मला काही वाटणार नाही, माझी जीभ तुम्हाला माहीतच आहे. पण माझ्या वाक्याचं काय करायचं ते सकाळपासून कळेना, म्हणून दुपारची भांडी तशीच टाकून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तरी हॉस्टेलवरून लेकीचं पत्र आलं की ते घेऊन तुम्ही मास्तरांकडं जायचात आणि दोनदा वाचून घ्यायचात. दुसऱ्यांदा कशाला, असं मास्तरांनी विचारलं की म्हणायचात, पहिल्यांदा नुसतं आईकलं, आता समजून घेतो. आज तुम्ही नाही आणि मास्तरही नाहीत, त्यामुळं मला काहीही लिहायला मोकळीक आहे.

कागद त्या शहराच्या स्टेशनाचा आहे, आपण एकदाच गेलो होतो त्या. आता बीडलाही रेल्वे आली, दादा. तुम्ही असतात तर काही काम नसताना नुसती बघायला गेला असतात, आणि परत येऊन शिरूरच्या बाजारात आठवडाभर सांगत बसला असतात. पण लांबच्या गाडीसाठी मला अजून त्याच शहराला जावं लागतं. तिथं आता अपंगांसाठी उतरती-चढती वाट बांधली आहे, पुलाला लिफ्ट लावली आहे. हे सगळं नीट झालं की नाही ते एखाद्या चाकाच्या खुर्चीवरच्या माणसानं वापरून बघावं आणि तसं लिहून द्यावं, असं रेल्वेनं आमच्या संघटनेला कळवलं. संघटनेनं मला पाठवलं. बाकीचे म्हणाले, ही बाई बोलायला कुणाला भीत नाही. बघा, काय नाव कमावलंय तुमच्या लेकीनं!

मला आधी फडातलं आठवतं. माझे पाय पोलिओनं गेलेले, म्हणून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाताना तुम्ही मला मागं ठेवलं नाही. ट्रकमध्ये भांड्यांच्या आणि कोंबड्यांच्या मधे बसवून न्यायचात. फडाच्या कडेला वाढ्यांच्या, तोडलेल्या हिरव्या शेंड्यांच्या ढिगावर मी बसायची, मोळ्या बांधायला वाढ्याचे बंध वळून द्यायची, आणि तुम्ही आणि आई ऊस तोडत सरकत सरकत लांब जायचात. संध्याकाळी ट्रक भरायची वेळ आली की सगळ्या फडातून एकच हाक ऐकू यायची. ए, हात लाव रे. आगं, हात लाव की. उसाची मोळी एकट्यानं डोक्यावर घेता येत नाही, दुसऱ्या कुणीतरी उचलून द्यावी लागते. जो जवळ असेल तो यायचा. सकाळी ज्याच्याशी भांडण झालं तोसुद्धा यायचा, मोळी उचलून द्यायचा आणि तोंड फिरवून जायचा. कुणी कुणाचे उपकार मानत नव्हतं. आणि एकदा डोक्यावर घेतलेली मोळी ट्रकात पडेपर्यंत खाली ठेवायची नाही. मधेच टेकवली तर पुन्हा हाक मारा, पुन्हा कुणीतरी हातातलं काम सोडून येणार, शिव्या घालणार. तुमच्या अंगात ते इतकं मुरलं होतं की दळणाचं पोतंसुद्धा तुम्ही गिरणीपासून घरापर्यंत कुठं टेकवत नव्हता.

मलाही तसंच न्यायचात. पाठीवर घेतलं की पोचेपर्यंत खाली नाही. मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची, अंगानं चांगली भरलेली. तुम्ही ऐन हंगामात फड सोडून आलात. मुकादम म्हणे दोन दिवस दातओठ खात होता. मांजरसुंब्याला एसटी थांबली तेव्हा चहासाठी मला खाली उतरवू नका म्हणून मी किती सांगितलं, तरी पाठीवर घेऊन उतरलात. म्हणालात, चाकरीला निघालेली बाई खिडकीतून हात काढून च्या पित न्हाई. टपरीवरची माणसं बघत होती. मला लाज वाटत होती आणि तुम्ही मात्र आजूबाजूला बघून सगळ्यांना सांगत होता, लेक हाय माझी, बारावी झाली, सरकारी हापिसात बोलावलंय.

स्टेशनात आपण एक नंबरच्या फलाटावर बसलो होतो. सगळं ठीक होतं. मग भोंग्यातून आवाज आला की गाडी तीन नंबरला येणार. तुम्ही दोनदा विचारून खात्री केलीत आणि त्या पुलाकडं बघितलंत. एक म्हातारा हमाल आपल्याकडं बघत होता. तो म्हणाला, "बाबा, कावून जीव काढता? पार्सलच्या गाड्यावर बसवा तिला, तिकडल्या टोकाहून रुळावरून पलीकडं नेतो." तुम्ही इतक्या जोरात "माझी लेक पार्सल न्हाई" म्हणालात की तो बिचारा मागं सरकला. दादा, खरं सांगते, मला त्या गाड्यावर बसायचं होतं. मला पार्सल म्हणा नाहीतर पोतं म्हणा, मला तुमचा श्वास ऐकवत नव्हता. पण मी गप्प बसले. तुमचा अभिमान मोडायची माझी छाती झाली नाही.

जिना अर्धा चढल्यावर जरा सपाट जागा होती. तिथं तुमचे पाय थरथरायला लागलेले मला पाठीवर कळत होते. मी म्हणाले, "दादा, ठेवा मला खाली. दम घ्या." तुम्ही म्हणालात, "गप बस, बाई. खाली ठिवलं तर पुन्हा हात कोन लावील?" आणि तेव्हा त्या पुलावर चारी बाजूंनी माणसं होती, दादा! धडधाकट, तरणी माणसं, बॅगा घेतलेली, बिनबॅगांची. फडात दिवसातून वीसदा हाक मारणारा माणूस तिथं एकालाही हाक मारेना. मला तेव्हा तुमचा राग आला होता. आता वाटतं, फडात सगळ्यांच्याच डोक्यावर मोळी असते म्हणून तिथं हाक मारता येते. त्या पुलावर ओझं फक्त तुमच्या पाठीवर होतं. आणि मलाही तोंड होतंच की. मीही कुणाला हाक मारली नाही.

उतरताना शेवटच्या तीन-चार पायऱ्यांवर तुमचा गुडघा गेला. तो आवाज मी ऐकला. तुम्ही मागं बसला असतात तर मी तुमच्याखाली आले असते. तुम्ही पुढं पडलात, हातांवर आणि त्याच गुडघ्यावर, आणि मी तुमच्या पाठीवर होते तशी राहिले. मला खरचटलंसुद्धा नाही. तेवढ्यात गाडी आली. आता माणसं धावली, दोघांनी मला उचललं आणि डब्यात नेऊन बसवलं, एकानं माझी पिशवी दिली. तुम्ही जिन्याला पाठ लावून बसला होता, तोंड राखेसारखं झालं होतं. खिडकीतून तुम्ही मला नीट दिसत होता आणि तुम्ही बोललात तेही नीट ऐकू आलं. "थांब, बाई. मला उठू दे." एवढंच. मी एक शब्द बोलले असते तर ज्यांनी चढवलं त्यांनीच उतरवलं असतं. दुसरं मुलाखतीचं पत्र येणार नाही हे मला माहीत होतं. मी तोंड फिरवलं. गाडी हलली.

महिन्याभरानं नोकरीचं पत्र घेऊन मी गावी आले. आई फड सोडून तुमच्यासाठी घरी आली होती. चुलीपुढं भाकरी थापत होती, तुम्ही बाजेवर, पाय उशीवर. शेजारच्या दोघी-तिघी पत्र बघायला आल्या होत्या. आईनं भाकरीवरची नजर न काढता विचारलं, "बापाला तसल्यात टाकून गेलीस कशी गं?" मी पटकन म्हणाले, "दादाच म्हणाले, जा." असं तोंडातून गेलं. आधी ठरवलेलं नव्हतं. मग मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, चांगला वेळ बघितलंत, आणि आईला म्हणालात, "व्हय. म्याच म्हनलं, जा म्हून. तिला कशाला बोलतीस?" आई पुन्हा कधी त्यावर बोलली नाही. तुम्हीही नाही. आपण दोघंच असतानाही तुम्ही एका शब्दानं कधी विचारलं नाहीत की असं का सांगितलंस, बाई. विचारायला हवं होतंत. एक कानफटात मारली असती तरी मला चाललं असतं.

तो पाय पुढं नीट झालाच नाही. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, जोडी मोडली म्हणून आई पुढच्या हंगामापासून मामाबरोबर जायला लागली. तुम्ही गावात राहून शेळ्या राखल्या, काठी टेकत. मी शहरात काठी बघून आणली होती, चांगली रबरी टोकाची. ती तुम्ही वापरलीत, पण चिखलात न्यायची नाही म्हणून पावसाळ्यात पुन्हा बाभळीचीच. आणि मी माझ्या नोकरीत रमले. संघटनेच्या सभांमधून बोलायला लागले. प्रत्येक सभेत हीच गोष्ट सांगायची. वडिलांनी पाठीवरून पूल ओलांडला, गुडघा मोडला, आणि फलाटावर बसून म्हणाले, जा. इथं टाळ्या पडतात, दादा. बायका डोळे पुसतात. इतक्या वर्षांत मलाही ते ऐकू यायला लागलं होतं, तुमच्या आवाजात.

परवा तो तरुण साहेब, इंजिनिअर, स्वतः फाटकापाशी घ्यायला आला. चांगलं पोरगं. चहा पाजला, मॅडम मॅडम केलं. मी नव्या वाटेवर खुर्ची घातली. चढ इतका उभा की अर्ध्यावर माझे हात थांबले, चाकं मागं यायला लागली. तेवढ्यात खुर्ची अलगद पुढं गेली. मागून साहेबांनी हात लावला होता. वर पोचल्यावर तो खुशीत म्हणाला, "बघा, गेल्या की नाही मॅडम वर!" त्याला आपण ढकललं हे खरंच ध्यानात नव्हतं. लिफ्टला कुलूप होतं, किल्लीवाला जेवायला गेला होता, त्याचा फोन लागेना. साहेब म्हणाला, "काळजी नको, आमची माणसं आहेत ना, चौघं मिळून खुर्चीसकट उचलतात." मी म्हणाले, "साहेब, उचलणाऱ्याचं पुढं काय होतं ते कुणी तपासतं का?" तो गोंधळला. मग मी त्याला ती गोष्ट सांगितली, त्याच जिन्याच्या पायथ्याशी. त्याचे डोळे भरून आले. त्यानं आपल्या हातानं ती कागदावर लिहून घेतली. म्हणाला, ही वर गेली तर साहेब लोक काहीतरी करतील. खाली त्यानं आपलं वाक्य लिहिलं: दिव्यांग प्रवासी कुणाच्याही मदतीविना फाटकापासून गाडीपर्यंत जाऊ शकतात. त्याच्या चहाला जागून मी तिथं काही बोलले नाही. घरी वाचून सही करते म्हणाले आणि कागद घेऊन आले.

आत्ता, इथवर लिहून झाल्यावर, त्याचं वाक्य खोडलं. खाली लिहिलं, चढ फार उभा आहे, अर्ध्यावर खुर्ची थांबली, साहेबांनी मागून ढकलली. लिफ्टला कुलूप होतं. मी एकटी गाडीपर्यंत पोचले नाही, दुसरं कुणी पोचणार नाही. हात जरासुद्धा अडला नाही. मग पेन वरच्या वाक्यावर आणलं. वडील म्हणाले, जा. इथं हात थांबला, तो थांबलाच. मनाशी म्हटलं, हे खोडलं तर तुम्ही खोटे पडाल. आई अजून आहे, कुणीतरी तिला वाचून दाखवील, तुम्ही बाजेवरून दिलेला शब्द मोडेल. हे सगळं खरं आहे, पण कारण ते नाही. कागद उद्या जाईल, हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून इथं लिहिते. त्या वाक्यातली मुलगी मला आवडते, दादा. तिला तिच्या बापानं जा म्हटलं होतं. ते वाक्य मी तसंच ठेवलं आणि खाली सही केली.