जावयाचा विमा

प्रिय भिंगरी,

जे दुखतंय तेवढं सोडून बाकी सगळ्याचा विमा काढतात, याला विमा म्हणायचं की चेष्टा, ते तू सांग. तू शिकलेली आहेस. मी आज अर्धी सुट्टी टाकून त्या विम्याच्या ऑफिसात बसून आले आणि आत जाताना होते त्याच्या दुप्पट गोंधळून बाहेर पडले. कुत्र्याचा कान खराब आहे, तर म्हणे कान धरत नाही. मागचा डावा गुडघा जरा लचकतो, तर गुडघाही धरत नाही. जुनं दुखणं आहे म्हणे. मग नवीन दुखणं मी कुठून आणू? बरं, कान आणि गुडघा सोडून जो काही कुत्रा उरला, त्याचा तरी विमा आजपासून सुरू का? तर तेही नाही. पहिला महिना काही झालं तर एक पैसा मिळणार नाही. म्हणजे बाबा रे, महिनाभर आजारी पडू नकोस, हे त्याला समजावायचं काम माझ्याकडे. आणि हे सगळं सांगताना हसतात वर. मला तर काय विचारायला गेले होते तेच शेवटी आठवेना.

हो, कुत्रा आणलाय मी. हसून घे. आमच्या लॉन्ड्रीत हॉटेलांच्या चादरी येतात ते तुला माहीत आहे. फाटक्या चादरी हॉटेलवाले परत घेत नाहीत, त्या आम्ही बेवारशी जनावरांच्या शेल्टरला देतो. एरवी ड्रायव्हर एकटा जातो, पण त्या दिवशी त्याची कंबर धरली होती, म्हणून गठ्ठे उचलायला मी गेले. गठ्ठा खाली ठेवते न ठेवते तोच एक तपकिरी कुत्रा आला आणि सगळ्यात वरच्या घडीवर चढून बसला. मान ताठ, पाय दुमडलेले, आता कुणीतरी चहा आणून देईल अशा तोऱ्यात. मी म्हटलं, हा कोण, जावई आलाय का? शेल्टरचा माणूस म्हणाला, मग घरी न्या की जावयाला. मी म्हटलं, मला लेकच नाही, जावई कुठला आणू. एवढं बोलून मी गाडीत बसायला हवं होतं. तासाभरानं गाडीत बसले खरी, पण मांडीवर हे धूड होतं. मधल्या तासात माझ्या डोक्यात काय शिरलं ते मला अजून कळलेलं नाही, त्यामुळे विचारू नकोस.

नाव जावईच ठेवलं, कारण लक्षणं तीच. ताटली पुढं केली की आधी वास घेतो, मग माझ्याकडे बघतो, आज एवढंच का? खिडकीजवळची खुर्ची त्याची झाली. मी जरा आवाज चढवला की भिंतीकडे तोंड करून रुसतो, आणि मग मीच मनधरणी करत बसते. तू या घरात लग्न करून आलीस तेव्हा पहिल्या आठवड्यात तीन कप फोडलेस. स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून आत, नुसती गरगर. मी म्हटलं होतं, मुलानं बायको आणलीय की घरात भिंगरी सोडलीय. हा त्याच्या उलट. बसला की बसला.

पण एक खोड अशी, की मी आधी घाबरलेच. रविवारी दुपारी जेवून जरा आडवी झाले. डोळा लागतोय तोच नाकाला काहीतरी ओलं लागलं. बघते तर याचं नाक माझ्या नाकाला टेकलेलं आणि डोळे एवढाले. मी ओरडले तसा शेपटी हलवत जाऊन खुर्चीवर बसला. परत झोपले, परत तेच. मी हलले नाही तर पंजानं हलवतो. हलले की समाधान. मी सोमवारी शेल्टरच्या माणसाला फोन करून चांगलं झापलं, म्हटलं वेडं कुत्रं गळ्यात मारलंस. तेव्हा त्यानं आधी सांगायचं ते वरातीमागून घोडं नाचवत सांगितलं. याचा मालक घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा होता. एकटाच. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेला. दार फोडेपर्यंत कुत्रा आत त्याच्याजवळच. मग नातेवाईक आले. कपाट नेलं, टीव्ही नेला, भिंतीवरची घड्याळंसुद्धा नेली आणि याला जिन्याच्या कठड्याला बांधून गेले. पुढं एका कुटुंबानं शेल्टरमधून नेला, तर आठवड्यात परत आणला. झोपू देत नाही म्हणाले. आता त्याला झोपलेलं माणूस दिसलं की खात्री करून घ्यावी लागते, त्याला तो तरी काय करणार?

हे ऐकल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही, भिंगरी. मी छप्पन्न वर्षांची. हा चार-पाच वर्षांचा असेल, असं जनावरांचे डॉक्टर दात बघून म्हणाले. मी एकटी. हा अजून पुष्कळ जगेल. उद्या मी खुर्चीत बसले आणि उठलेच नाही, तर हा दुसऱ्यांदा कठड्याला. हिशेब सोपा आहे, तो करायला शाळा लागत नाही. डॉक्टर कानात औषध घालताना म्हणाले, विमा काढून ठेवा, मग बिनघोर राहा. मला एकदम हायसं वाटलं. विमा मला माहीत आहे. तुझे सासरे गेले (सासरेच म्हणते, दुसरं काय म्हणू), तेव्हा त्यांच्या विम्यावरच आम्ही मायलेकरं तरलो. एक जण जातो आणि मागं राहिलेल्याचं पोट चालतं, याला विमा म्हणतात, असं मी आजपर्यंत समजत होते. तेव्हा म्हटलं, कुत्र्याचाही निघतो तर काढू. मी हप्ता भरीन, माझ्यानंतर त्याचं खाणंपिणं चालेल, कुणीतरी बघेल.

ऑफिसात समोर एक पोरगी होती, तुझ्याहून लहान. नखं रंगवलेली, पण स्वभावानं बरी. पहिला प्रश्न, नाव काय? म्हटलं, जावई. ती म्हणाली, मॅडम, माणसांचा विमा वरच्या मजल्यावर. तिथून जी सुरुवात झाली ती तशीच चालू राहिली. जन्मतारीख? म्हटलं, तो काही बोलला नाही. जात? म्हटलं, तपकिरी. तिनं आपलं मिश्र असं लिहिलं. मग कान आणि गुडघ्याची ती कथा झाली. शेवटी मी म्हटलं, बाई गं, हे राहू दे, माझ्यानंतर याला पैसे कसे मिळणार ते सांग. तिनं पेन खाली ठेवलं. कुणाला? म्हटलं, याला. तर म्हणे, मॅडम, पैसे तुम्हाला मिळतात. तो आजारी पडला तर, नाहीतर गेला तर. मी म्हटलं, तो गेल्यावर पैसे मला? म्हणजे मी आता त्याच्या मरणावर टपून बसू? माझा आवाज चढला असणार, मशीनच्या घरघरीत बोलून बोलून तीच सवय झालीय. बाजूच्या टेबलावरचा माणूस उठून पाणी प्यायला गेला. तिनं बिचारीनं तीनदा समजावलं. दर वेळी वाटायचं, आता कळलं, आणि शेवटच्या वाक्याला सगळं हातातून निसटायचं. मरणार कोण, पैसे कुणाला, आणि कान का नाही?

मग तिनं विचारलं, तुम्हाला नक्की काय हवंय? मी म्हटलं, मी नसले तर याला कुणी जिन्यात बांधून जाऊ नये. बस. ती म्हणाली, असा विमा नसतो हो. कुणीच काढत नाही. पण पोरगी चिकट निघाली, कागद उलटेपालटे करून एक कलम शोधलं. मालक दवाखान्यात भरती झाला तर कुत्र्याला ठेवून घ्यायचा खर्च कंपनी देते. त्यासाठी दुसऱ्या माणसाचं नाव द्यावं लागतं. मालकाला काहीही झालं की कंपनी त्याला फोन करणार, तो येऊन कुत्र्याला नेणार. काहीही म्हणजे काहीही? मी विचारलं. ती म्हणाली, हो, तेही. म्हटलं, मग एवढंच दे मला, बाकीचा विमा तुझ्याकडे ठेव. तसं मिळत नाही. घ्यायचा तर सगळा घ्यायचा.

तू म्हणशील, मुलगा आहे की. आहे. तिथूनच त्याला फोन लावला. म्हणाला, आई, कुत्र्याचा विमा? आधी तुझा काढ. मग मी विचारलं, माझं काही झालं तर याला नेशील का? म्हणाला, मी शेल्टरला फोन करीन ना, ते येऊन नेतील. खोटं बोलला नाही, तेवढं त्याचं मानते. नवी सून कुत्र्यांना भिते. चांगली आहे, मला मम्मी म्हणते, गोडाचं केलं की त्यांच्या घरून डबा पाठवते. पण हे तिच्याच्यानं व्हायचं नाही.

तेव्हा त्या पोरीनं, मग कुणाचं नाव, असं विचारलं आणि मी विचार करायच्या आधीच तुझं नाव तोंडातून निघून गेलं. फोन नंबरही पाठ निघाला, माझा मलाच नसतो. तिनं ते सगळं कंप्युटरवर चढवलं आणि म्हणाली, नातं? इथं घोडं पेंड खायला लागलं. ती म्हणाली, सून लिहू? म्हटलं, होती. मग आता? मैत्रीण लिहू? म्हटलं, मैत्रिणीला कुणी केस बांध, ताटात पडतील म्हणून ओरडतं का? शेजारीण? ती दोन बस बदलून पलीकडे राहते. मग नातेवाईक असं मोघम लिहू? ते चाललं असतं, पण कंप्युटर मोघम घेत नाही, नेमकं विचारतो. मोकळं सोडलं तर पुढचं पान उघडत नाही. माझ्या मागे माणसं ताटकळलेली. मी म्हटलं, विचारून सांगते. कुणाला विचारणार, असं तिनं नाही विचारलं.

मला खरंच कळत नाही गं. तुमचं दोघांचं मोडलं, कागद झाले, सह्या झाल्या, ते तुमचं तुम्ही केलंत, मी मध्ये पडले नाही. पण त्या कागदात माझं नाव कुठं होतं? मी कुणाशी काडीमोड घेतला? तू फोन करत नाहीस, मी करत नाही. तुला वाटत असेल ही त्याची आई. मला वाटतं तुला नको असेल. माझ्या वाढदिवसाला तुझा मेसेज आला, शुभेच्छा, काकू. मी इकडंतिकडं बघितलं, कोण काकू आलीय म्हणून. काल आई आणि आज काकू, हे मधल्या मध्ये कुणी ठरवलं? रागावून फोन लावणार होते, पण फोनवर मी ओरडते आणि तू गप्प बसतेस, त्यातून काही निघत नाही. म्हणून हे लिहायला बसले. अक्षर असंच आहे, चालवून घे.

एक मात्र मला पक्कं ठाऊक आहे. तू गेलीस त्या दिवशी मी कामावर होते. घरी येऊन बघते तर तुझं कपाट मोकळं, ओटा पुसलेला, आणि माझी रक्तदाबाची गोळी वाटीत काढून ठेवलेली, वर बशी झाकून. नवऱ्याचं घर सोडून जाताना जिला दुसऱ्याची गोळी आठवते, तिच्या दारात कुत्रा सोडून मी निवांत मरेन. म्हणून तुझं नाव निघालं तोंडातून, दुसरं काही नाही.

तर आता सरळ बोलते. तू जावयाला नेशील का, एवढंच विचारायचं असतं तर दोन ओळीत झालं असतं. नेशील, मला माहीत आहे. त्या नात्याच्या जागी काय घालायचं ते मला एकटीला ठरवता येत नाही, म्हणून हे सगळं लिहिलं. सून लिहू तर खोटं, काकू लिहायला माझा हात धजत नाही, आणि मला जे लिहावंसं वाटतं ते तुला विचारल्याशिवाय लिहायचा मला हक्क आहे का, ते माहीत नाही. नको असेल तर नको म्हण, मी रडत बसणारी नाही. पण उत्तर दे, आणि एका शब्दात दे, तिथं जास्त जागा नाही. गुरुवारपर्यंत कळव. शुक्रवारी ऑफिस उघडेल तेव्हा मी दारात उभी असेन.

तुझीच,
जी कोण असेन ती