मनगटाची पाठ

छिंगशी, १२ एप्रिल १९८६

प्रिय बाबा,

पेइलानचा वाकून नमस्कार.

"ज्यांनी माझा जीव वाचवला, त्यांच्याशी तू अशी कशी वागलीस?" असं तुम्ही विचारलंत. उत्तर एकदा लिहायला घेतलं आणि तो कागद फाडून टाकला.

कापडी बूट मिळाले, अगदी मापाचे आहेत. आईचा खोकला थांबला हे वाचून जिवात जीव आला.

लुओदादांनी तुम्हाला काय कळवलं ते मला ठाऊक आहे. ते ओउयांग गुरुजींच्या दवाखान्यातले थोरले शिष्य, ते गुरुजींचीच बाजू घेणार. आता माझ्याकडून ऐका.

नव्या वर्षाचा सण झाल्यावर यिंगहुआ नावाच्या मुलीला तिची होणारी सासू घेऊन आली. मुलगी सूतगिरणीत कामाला. ओउयांग गुरुजींची रीत तुम्ही जाणताच: रोग्यानं तोंड उघडायचं नाही, मनगट छोट्या उशीवर ठेवायचं, बाकी सगळं त्यांची तीन बोटं सांगणार. त्यावरच तर त्यांचं नाव झालं.

"मला काही होत नाही हो, मी रोज गिरणीतली पाळी भरते..." मुलगी म्हणाली.

"तुला विचारलंय कुणी?" सासूनं दटावलं.

गुरुजींनी डोळे मिटले. मग भरल्या दवाखान्यात म्हणाले, "नाडीला मूळच नाही. वरून हिरवं दिसतंय, पण हे झाड फळायचं नाही."

लग्न मोडलं. मुलीच्या हाती उष्ण औषधांच्या पुड्या आल्या. त्या घेऊन नाकातून रक्त यायला लागलं, तेव्हा ती एकटीच आली. तिला बाकावर बसवताना मी तिचं मनगट धरलं, तर नाडी माझ्या बोटांखाली उड्या मारत होती. आतल्या बाजूला नव्हे, मनगटाच्या पाठीवर. काही माणसांची रक्तवाहिनी जन्मतःच तिकडून जाते. तो रोग नव्हे. आत नाडी नीट लागली नाही तर हात उलटा करून बघायचा, हे आम्हाला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात.

दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर मी गुरुजींना हे सांगितलं.

"हात उलटेपालटे करून बघू? मी काय बाजारात मासे घ्यायला बसलोय?"

लुओदादा हसले. "पदवी मिळाली की बोटांना डोळे फुटतात वाटतं."

मी म्हटलं, निदान त्या घरी निरोप तरी धाडा. त्यावर गुरुजी चहाचा घोट घेऊन शांतपणे म्हणाले, "मुलीला दुसरं स्थळ मिळेल. माझा शब्द खोटा ठरला तर उद्या इथे कोण येईल?"

बाबा, त्यांनी चूक नाकारलीसुद्धा नाही. चुकलेलं माणूस मी समजू शकते. पण एका जित्याजागत्या मुलीला वांझ ठरवून वर चहा पिणारं माणूस मला समजत नाही, आणि समजून घ्यायचंही नाही.

तुम्ही लिहिता, गुडघे टेकून, दोन्ही हातांनी चहा देऊन त्यांची माफी माग. हे पत्र शाळेचे मास्तर तुम्हाला वाचून दाखवत असतील, तर पुढचं त्यांनी सावकाश वाचावं.

लहानपणी होडीत मी तुमच्या हातावर डोकं ठेवून झोपायचे. तुमच्या मनगटाच्या पाठीवर काहीतरी टकटक करायचं. मला वाटायचं, सगळ्यांच्या बाबांचं तिथेच वाजतं. मी शाळेत जायला लागले त्या वर्षी गुरुजींनी तुमची नाडी बघितली आणि तेच सांगितलं: मूळ नाही, वल्हं मारलंत तर मराल. तुम्ही होडी सोडलीत. नदीकडे पाठ करून टोपल्या विणत बसलात, आणि 'त्यांच्या औषधावर जगलो' म्हणून दर सणाला त्यांच्याकडे बदक पाठवत राहिलात.

कॉलेजात हे शिकले तेव्हाच मला कळलं होतं. तुमच्या तोंडून ते उपकार ऐकताना सांगवलं नाही. बाबा, नदी डोंगराच्या मागून वाहत होती, आणि हा माणूस पुढच्या कोरड्या वाळूत बोटं घालून म्हणाला, पाणी आटलंय.

आता चहाचं. चहा मी दिला, दोन्ही हातांनी, यिंगहुआला. मग तिच्यासोबत त्या सासूकडे गेले आणि सासूची बोटं मुलीच्या मनगटाच्या पाठीवर ठेवली. बाई चपापली. म्हणाली, "अगं बाई, मग काय, मुहूर्त बघूया का परत?"

"बघा की," यिंगहुआ म्हणाली, "पण सून दुसरी बघा."

शिष्य करून घेताना गुरुजींनी दिलेली नाडीची उशी मी परवा त्यांच्या मेजावर ठेवून आले. सोमवारपासून धक्क्याजवळच्या आरोग्य केंद्रात जाते आहे.

दर महिन्याला तुमचं औषध घेऊन येणारी होडी आज सकाळी सुटली. तिच्यात मी आईसाठी मध पाठवलाय. औषध पाठवलेलं नाही. डावा हात पालथा करा, आणि उजव्या हाताची बोटं त्यावर ठेवा.

जिला नाडी पहिल्यांदा तुमच्याच हातावर लागली, ती तुमची
पेइलान